४८ केबीतलं गाव

शिवनेरी झाला, लेण्याद्री-ओझर झालं, माळशेजला भिजून झालं? मग जुन्नर-आंबेगावची ही जरा हटके ट्रिप बघा. सॅकमध्ये सनस्क्रीन आणि पाण्याच्या बाटलीबरोबर एक मल्टिमीटर टाकायला मात्र विसरू नका!

वीकेंडला नाशिक रोडने बाहेर पडणाऱ्या पुणेकरांचे दोन सरळ प्रकार असतात. एक ट्रेकवाले आणि दुसरे देवदर्शनवाले. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोघांचीही सारखीच वाट लागते, तो भाग वेगळा. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी आणि मामा या रस्त्याला लागलो तेव्हा आम्ही दोन्हीपैकी कशातच बसत नव्हतो. मागच्या सीटवर जुन्या सुती साडीत गुंडाळून, लहान बाळाला बांधावं तसा सीट बेल्ट लावून एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्याच्याकडून दोन अपेक्षा होत्या. त्याने चालू व्हावं, आणि चालू झाल्यावर एक कॅसेट वाचून दाखवावी. बस्स.

कॉम्प्युटर आणि कॅसेट? माझ्या वयाच्या कुणालाही हा विनोद वाटेल. म्हणून आधी थोडा फ्लॅशबॅक.

२३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. मॉनिटर नाही, हार्ड डिस्क नाही, माउस नाही. की-बोर्डएवढा एक काळा डबा, त्यातच सगळं सामान. तो घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जोडायचा, आणि प्रोग्रॅम साठवायला घरचाच टेपरेकॉर्डर. आत झेड-८० प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्‌झ, मेमरी १६ किंवा ४८ केबी. ४८ केबी म्हणजे किती? तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा सुप्रभातवाला फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण स्वस्त होता, म्हणून जगभरात त्याचे पन्नास लाखांहून जास्त नग खपले. १९८४ मध्ये त्याचाच जरा बऱ्या की-बोर्डचा भाऊ आला, स्पेक्ट्रम प्लस. भारतात डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने विकला. तोवर कॉम्प्युटर ही आपल्याकडे बँकेत, नाहीतर एसी लावलेल्या काचेच्या खोलीत चपला काढून बघायची वस्तू होती. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले, तेवढंच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर कॉम्प्युटर ही तेव्हा फुल टू चैन होती.

मामा तेव्हा पिंपरीत नोकरीला होता, नुकताच लागलेला. त्याने हा स्पेक्ट्रम प्लस एका सहकाऱ्याकडून सेकंडहँड घेतला, हप्त्याने. आजी अजून त्या हप्त्यांवरून त्याला ऐकवते.

यादीची गोष्ट

आता कॅसेटकडे येऊ. आजोबांचं गाव आंबेगाव तालुक्यातलं, घोडनदीच्या खोऱ्यातलं. ते आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. एकटं तेच नाही, आजूबाजूची बरीच. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगावही त्याच पाण्यात गेलं. तालुक्याचं ठाणं घोडेगावला असल्यामुळे बाहेरच्या माणसाला हे लक्षातच येत नाही. आपण भीमाशंकरला जाताना डिंभ्याच्या जलाशयाचे ‘सो सीनिक’ म्हणून फोटो काढतो, त्या फोटोच्या खाली गावं आहेत.

पाणी चढायला लागण्याआधी काही वर्षं, शनिवार-रविवारी मामा गावी यायचा तेव्हा आजोबांनी त्याला कामाला लावलं. आपल्या आळीत कोणाचं घर कोणाला लागून, घरात माणसं किती, गुरं किती, आणि कोण कुठे जाणार. कोणी घोडेगावकडे, कोणी मंचरच्या अंगाला, कोणी थेट मुंबईला माथाडीत. आजोबा सांगत, मामा टाइप करत असे. वहीतही लिहून ठेवलं होतं, पण ती वही वाळवीने खाल्ली. कॅसेट राहिली. गाणी संपलेल्या एका जुन्या कॅसेटवर मामाने ती यादी सेव्ह केली होती, आणि कव्हरवर बॉलपेनने लिहिलं होतं: ‘रन करू नये. गो टू १०.’ याचा अर्थ पुढे कळेलच.

कॉम्प्युटर मात्र नव्वदच्या दशकातच गेला. मामा सांगतो ते असं: लाइट गेली, तासाभराने आली ती दणक्यात आली, बल्ब पांढराफटक झाला आणि टीव्हीवर उभ्या रंगीत पट्ट्या. त्यानंतर तो माळ्यावर. आजोबा २०११ मध्ये गेले. आणि गेल्या वर्षी गावच्या पोरांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, जुन्या आळीचा नकाशा बनवायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात ‘मारुतीच्या देवळाला लागून घर कोणाचं’ यावरून दोन माणसं ग्रुप सोडून गेली. आजी आता त्र्याऐंशीची आहे. तिला सगळं आठवतं असं ती म्हणते, पण सोमवारी एक आठवतं आणि गुरुवारी दुसरं. मामाने माळ्यावरून डबा काढला तो तेव्हा.

आधी बटण दाबू नका

नारायणगाव पुण्यापासून साधारण ७५ किलोमीटर. टोमॅटोचा बाजार, द्राक्षं, आणि तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. यात्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. आम्ही पोचलो तेव्हा हंगाम सरला होता, बाजारात टोमॅटोचे क्रेट तेवढे होते. मामाचा घोडेगावच्या शाळेतला वर्गमित्र इथे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, भिंतीला उघडे बोर्ड टांगलेले, आणि एका कोपऱ्यात चालू स्थितीतला पिक्चर ट्यूबवाला टीव्ही. याच टीव्हीसाठी आम्ही पुणं सोडून इथे आलो होतो असं म्हटलं तरी चालेल. पुण्यात कुणाच्या घरी आता डबा टीव्ही उरलाय सांगा?

मी साडी सोडवून प्लग शोधायला लागले तर काकांनी हात धरला.

“थांब पोरी. पंचवीस-तीस वर्सं झोपलेल्या माणसाला एकदम पळायला लावशील का? आधी नाडी बघू.”

जुनी मशीन दुरुस्त करण्यातला हा पहिला फंडा: चालू करून बघायचं नाही. आधी अडॅप्टर एकटाच मोजायचा. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण त्यात रेग्युलेटर नसतो, त्यामुळे नुसता मोजला तर १३ च्या आसपास दाखवतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. खरी गंमत पिनेत आहे. आजकालच्या बहुतेक अडॅप्टरची आतली बाजू प्लस असते, स्पेक्ट्रमची आतली मायनस. कपाटात सापडला ९ व्होल्टचा म्हणून राउटरचा अडॅप्टर लावला की खेळ खलास. असे किती स्पेक्ट्रम प्रेमाने मारले गेले असतील देव जाणे.

मग डबा उघडला. आत धूळ, एक वाळलेलं झुरळ आणि की-बोर्डची रिबन. ती हातात येताच बिस्किटासारखी तुटली. हा या मशीनचा ठरलेला रोग. की-बोर्डखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, तो वर्षांनी कडक होऊन तडकतो. नवीन पडदे आजही बनतात आणि मामाने परदेशातून मागवून ठेवला होता, त्याच पार्सलमध्ये काही चिप आणि ट्रान्झिस्टर. नोकरी सोडून रिटायर झालेल्या इंजिनीअर माणसाइतका तयारीचा माणूस दुसरा नाही.

पुढचं जरा टेक्निकल आहे, पण सोडू नका, यातच सगळी कथा आहे. स्पेक्ट्रमच्या ४८ केबीपैकी खालची १६ केबी मेमरी ४११६ नावाच्या आठ चिपमध्ये असते. आजच्या चिपला एक व्होल्टेज पुरतं. या बयांना तीन लागतात: ५, १२, आणि वर उणे ५. म्हणून बोर्डावरच एक ट्रान्झिस्टर आणि एक कॉइल मिळून ९ व्होल्टपासून ही बाकीची व्होल्टेज बनवतात. या तिघांत उणे ५ सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महत्त्वाचं. ते गेलं आणि १२ चालू राहिलं तर चिप जळतात. चिप आतून शॉर्ट झाली की तो ट्रान्झिस्टर बळी जातो. म्हणजे एकाने दुसऱ्याला मारायचं, दुसऱ्याने पहिल्याला. आधी कोण मेलं हे कळल्याशिवाय नुसता ट्रान्झिस्टर बदलला तर नवीनही मिनिटात जातो. मामाने पूर्वी एकदा पुण्यात बुधवार पेठेतल्या ओळखीच्या माणसाकडून नेमकं तेच करून घेतलं होतं. काकांनी बोर्डावरचा तो ताजा सोल्डर बघूनच ओळखलं आणि मामाकडे असं काही बघितलं की बस्स.

काकांनी मशीन बंद ठेवूनच मीटर लावला. १२ व्होल्टची लाइन आणि अर्थ यांच्यात जवळपास शून्य रेझिस्टन्स. म्हणजे कुठेतरी आत चिकटलंय. आठपैकी कुठली चिप? आठही उपटायच्या तर बोर्डाच्या नाजूक रेघा उखडणार. काकांनी आधी मेलेला ट्रान्झिस्टर काढला, टेबलावरच्या सप्लायमधून त्या लाइनला फक्त दोन व्होल्ट दिले, करंट मोजून-मापून, आणि आठही चिपवर एकेक करून बोट ठेवलं. डॉक्टर पोट दाबून बघतात ना, तसं. डावीकडून तिसरी कोमट लागली. मलाही हात लावून बघायला दिला. खरंच कोमट होती, चहाच्या कपाच्या बुडासारखी.

तिसरी चिप पाय कापून काढली, तिथे सॉकेट बसवलं, नवीन चिप. नवीन ट्रान्झिस्टर. वाळलेले कंडेन्सर बदलले. मग पुन्हा मीटर: ५ बरोबर, ११.९, उणे ५. तेव्हाच कुठे टीव्ही लावला. स्क्रीन काळी, मग पांढरी, आणि खाली एका ओळीत सिंक्लेअर रिसर्चचं नाव आणि १९८२ साल. मामा काहीच बोलला नाही, नुसता चष्मा पुसत बसला. काका म्हणाले, “च्या सांग आता.”

शेजारी कान देऊन बसलेत

चहा पिताना काकांनी सांगितलं ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. या भागात लोकांच्या घरातल्या बिघाडांकडे फक्त दुरुस्तीवाल्याचंच लक्ष नसतं. नारायणगावच्या पूर्वेला दहा-पंधरा किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मधोमध एक-एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. तबकडीसाठी घन पत्रा न वापरता ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवण्याची शक्कलही त्यांचीच, त्यामुळे खर्च आणि वजन दोन्ही आवाक्यात आलं. पुण्याची एनसीआरए ही संस्था ती चालवते. स्वरूप २०२० मध्ये गेले.

ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. आणि किती बारीक? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा काही वॅटचा रेडिओ पृथ्वीसाठी नव्हताच, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता. तरीही कोट्यवधी किलोमीटरवरून त्याची कुणकुण खोडदला लागली, आणि उतरण्याच्या अगदी शेवटी ती तुटली हेही इथेच कळलं. यान आदळलं होतं.

आता अशा कानाशेजारी कुणाच्या छपरावरचा टीव्हीचा बूस्टर बिघडला तर? बूस्टर खराब झाला की तो स्वतःच शिट्टी मारायला लागतो. घरातल्यांना फार तर चित्रात मुंग्या दिसतात, पण दुर्बिणीला तो भोंगाच. विजेच्या खांबावरचा ढिला जोड, तडकलेला इन्सुलेटर, तिथे उडणाऱ्या बारीक ठिणग्या, यांचा तर सगळ्या फ्रिक्वेन्सींवर खरखराट. दुर्बिणीची माणसं अँटेना घेऊन गावोगाव असले बिघाड शोधतात. काकांकडे पूर्वी असे बूस्टर दुरुस्तीला आले होते. “घरचे म्हणायचे, टीव्ही तर दिसतोय की! बिघडलं कुठं?” काका हसत होते. डिश आणि केबलनंतर बूस्टर गेले, मोबाइल टॉवर आले. पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळून न्यायचा की नाही या वादातही हीच दुर्बीण मध्ये उभी राहिली आणि रेल्वेला दुसरा मार्ग बघावा लागला.

मी सहज हिशेब केला. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर १४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आहे. त्याच्या पटीतही थोडी खरखर बाहेर पडतेच, आणि १४ गुणिले ११ म्हणजे १५४. जीएमआरटीच्या मूळच्या बँडपैकी एक १५० च्या आसपासचा. मामा म्हणाला, “एका डब्याने काय होतंय.” पण टेबलाचा दिवा मात्र त्याने बंद केला, का ते त्यालाच माहीत.

विशेष म्हणजे नारायणगावला आकाशाकडे कान लावायची सवय खोडदच्याही आधीची. जवळच्याच आर्वी गावी १९७१ मध्ये ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, भारताचे परदेशी फोन उपग्रहामार्गे तिथून जायचे. १९७२ मध्ये त्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं. आज तो ट्रॅफिक समुद्राखालच्या केबलमधून धावतो.

टेप लोडिंग एरर

मशीन जिवंत झाली म्हणजे निम्मंच काम झालं होतं. कॅसेट उरली होती. तिच्या कडेला पांढरी बुरशी, आणि टेपरेकॉर्डरच्या रबरी बेल्टचा डिंकासारखा गोळा. काकांनी बेल्ट बदलला, हेड स्पिरिटने पुसलं. बुरशी ब्रशने हळूच काढून कॅसेट आधी एकदा फक्त लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतली. हे आवर्जून लक्षात ठेवा, तुमच्याही घरी आजी-आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट असतीलच. जुनी टेप कदाचित एकदाच वाजेल. तो ‘एकदा’ प्रयोगात घालवायचा नाही.

मामाने ‘जे’ दाबलं. स्पेक्ट्रममध्ये अख्खा शब्द एका बटणावर येतो, जे म्हणजे लोड. लॅपटॉपमधून आवाज सोडला. आधी एकसुरी शिट्टी, स्क्रीनच्या कडेला लाल-निळसर पट्ट्या, मग चिरक्या आवाजात डेटा आणि निळ्या-पिवळ्या रेघा. जुन्या फॅक्सची आणि रातकिड्यांची जुगलबंदी. दोन मिनिटं आम्ही तिघं श्वास रोखून. आणि मग स्क्रीनवर: ‘टेप लोडिंग एरर’.

पुन्हा. पुन्हा तेच. या पद्धतीत प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो. हजारो बिटांत एक जरी उलटा पडला तरी मशीन सगळंच नाकारतं. अर्धं गाव दाखवतो, अर्धं नाही, अशी तडजोड नाही.

काकांनी हेडफोन लावून ऐकलं. एक तर आवाज दबका होता. हेडचा कोन जरा तिरका असला की बारीक टोकदार आवाज बोथट होतात. त्यांनी हेडजवळचा छोटा स्क्रू सुईच्या टोकाने फिरवला, आवाज कडक, झणझणीत झाला. मग म्हणाले, मागे हुं हुं काय आहे? ती ५० हर्ट्‌झची घरघर, आपल्या भिंतीतल्या विजेची. त्यांनी लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला. घरघर गायब! लॅपटॉप चार्जरवर, टेप वेगळ्या प्लगवर, दोघांच्या अर्थमध्ये फरक, आणि त्यातून हा भुणभुणाट. ऑफिसात प्रोजेक्टरच्या स्पीकरमधून असाच आवाज येतो तेव्हा आता मला कारण माहितीये. बॅटरीवर लॅपटॉप ठेवून कॅसेट दुसऱ्यांदा रेकॉर्ड केली. आम्हाला वाटलं होतं एकदाच वाजेल, पण तिने दोनदा साथ दिली.

चौथ्या खेपेला लोड झाली. स्क्रीनवर ‘ओके’.

मी टाळ्या वाजवल्या आणि मामाला म्हटलं, “मग दाब ना रन!” तो जवळजवळ ओरडलाच. “रन नाही! अगं, वाचलं नाहीस का कव्हरवर?” स्पेक्ट्रममध्ये रन दिलं की प्रोग्रॅम सुरू होण्याआधी सगळी भरलेली माहिती पुसली जाते. यादी प्रोग्रॅमच्याच पोटात ठेवलेली, त्यामुळे एका बटणात सगळं गाव पुन्हा बुडालं असतं. ‘गो टू १०’ दिलं तर माहिती तशीच राहते. तीसेक वर्षांपूर्वीच्या तरुण मामाने म्हाताऱ्या मामासाठी लिहिलेली ती चिठ्ठी होती. आजोबांनीच लिहायला लावली, असं तो म्हणाला. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण कोणीतरी चुकीचं बटण दाबणार हे पक्कं माहीत होतं!

आणि यादी आली. वरती गावाचं नाव, चक्क मराठीत. स्पेक्ट्रममध्ये स्वतः काढायची एकवीस अक्षरं असतात, आठ बाय आठ ठिपक्यांची. मामाने त्यात ठिपके मोजून देवनागरी काढलं होतं, वेलांट्या जरा वाकड्या. खालची नावं इंग्रजी अक्षरांत, कारण एकवीस अक्षरांत सगळी बाराखडी कुठली बसणार? त्रेचाळीस घरं. घर नंबर, नाव, माणसं, बैल, आणि शेवटच्या रकान्यात कुठे गेले. आठ घरांपुढे तो रकाना रिकामा होता. मी मोबाइलवर एकेक स्क्रीनचा फोटो काढत गेले. काकांचं स्वतःचं घर एकोणिसाव्या नंबरवर निघालं. “चार बैल?” ते म्हणाले. “दोनच होते. म्हाताऱ्याने सरकारला वाढवून सांगितले आसतील.”

पाण्याच्या काठी

मुक्काम जुन्नरला केला. दुसऱ्या दिवशी पहाटे नाणेघाट, कारण एवढं जवळ येऊन तो टाळणं पाप आहे. उन्हाळ्यात हिरवळ नाही, गर्दीही नाही, आणि सातवाहनांच्या त्या लेण्यात निवांत उभं राहता येतं. राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख इथे भिंतीवर आहे, इसवी सनापूर्वीचा, ब्राह्मी लिपीत. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, नाणी, आणि त्यांचे आकडे. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये ते मोजतात. म्हणजे हीसुद्धा यादीच. मामाने बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, “यांना बेल्ट बदलावा लागत नाही.”

जुन्नरहून घोडेगाव, तिथून डिंभे. मेअखेरीला पाणी बरंच उतरलेलं असतं, काठाला भेगाळलेली माती, आणि तळ उघडा पडला की जुन्या वस्तीचे चौथरे, दगड दिसतात. फोटोसाठी ही जागा भन्नाट आहे हे मी सांगायला नको. पण चौथऱ्यांवर चढून सेल्फी काढताना जरा इकडेतिकडे बघा. शेजारी उभी असलेली एखादी म्हातारी स्वतःचं घर शोधत असू शकते. आमच्याबरोबर होती.

आजीला गाडीतच बसवून मी मोबाइलवर यादी वाचत गेले, ती मान डोलवत गेली. मारुतीच्या देवळाला लागून बाराव्या नंबरचं घर, हे ऐकल्यावर “बघ, मी म्हणत नव्हते?” असं विजयी मुद्रेने. ग्रुपवर तिने नेमकं उलटं सांगितलं होतं, पण आम्ही गप्प बसलो. रिकाम्या आठ रकान्यांपैकी पाच तिने भरले. कोण चाळकवाडीला, कोण कळव्याला. सव्विसाव्या घराशी मात्र थांबली. यादीत माणसं सहा लिहिली होती. “सात,” आजी म्हणाली. “धाकटी तेव्हा पोटात होती.” मामा म्हणाला, पोटातलं कसं धरणार? आजी म्हणाली, तुझे वडील धरायचे, तूच टाइप केलं नसशील. यावर वाद घोडेगाव येईपर्यंत चालला. मी सात लिहिलं.

जायचं असेल तर

पुण्याहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा सरळ रस्ता. शनिवारी सकाळी सातच्या आत चाकण ओलांडा, नाहीतर ट्रिप तिथेच. जीएमआरटी आतून बघायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, दर वर्षी फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास मात्र तिथे मोठं प्रदर्शन भरतं, शाळेतली पोरं हजारोंनी येतात. नुसत्या तबकड्या तर रस्त्यावरूनही दिसतात, उसाच्या आणि कांद्याच्या शेतांमधून अचानक वर आलेल्या. ऊस आहे तिथे बिबट्याही आहे, म्हणून अंधार पडल्यावर शेताकडेला गाडी थांबवून गाणी लावायचा बेत रद्द करा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, त्याची पाटी बघूनच पुरे.

आणि जेवायला काय, हा प्रश्न या पट्ट्यात विचारायचा नसतो. मासवडी आणि रस्सा, बरोबर बाजरीची भाकरी. नाव ऐकून शाकाहारी लोक दचकतात, पण ती शुद्ध बेसनाची असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. नारायणगावात दुपारी दोननंतर संपते, म्हणून आधी जेवा, मग डबा उघडा.